दंतवैद्याची हत्यारे : सामत्यापासून एअर टर्बाइनपर्यंत

(शालेय दंततपासणी शिबिरांच्या पूर्वतयारीसाठी भरविलेल्या वर्गात प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी दंतवैद्य नाही. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि माहिती खात्यात नोकरी करतो. असे असताना दातांच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या छेदक आणि अपघर्षक उपकरणांवर, म्हणजे दात कापणाऱ्या व घासणाऱ्या हत्यारांवर मी काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात येणे साहजिक आहे. ती दूर करण्यासाठी प्रथम एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका दुर्गम गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत दंततपासणी शिबिर भरले होते. छायाचित्रे व वृत्तांत यांसाठी मी तेथे उपस्थित होतो. सकाळी तपासणी झाली. ज्या मुलांच्या दातांत चांदी किंवा सिमेंट भरणे आवश्यक होते त्यांची यादी गुरुजींनी फळ्यावर लिहिली. दुपारी डॉक्टरबाईंनी सोबत आणलेले यंत्र सुरू करून पाहिले. त्याचा तो सुईसारखा तीक्ष्ण आवाज व्हरांड्यापर्यंत गेला आणि यादीतील पाच मुले जेवणाच्या सुट्टीनंतर परतलीच नाहीत. सहावीतील एका मुलाला त्याच्या आईने हाताला धरून आणले होते. पण ती माउलीच डॉक्टरबाईंना म्हणाली, “बाई, ते यंत्र नका लावू माझ्या लेकराला. त्यापरीस दात उपटून टाका.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “ताई, हा दुधाचा दात नाही. हा गेला तर पुन्हा यायचा नाही.”

ते वाक्य मी टिपून घेतले. घरी परतताना विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, त्या माउलीच्या मनातील भीती माझ्याही मनात आहे. माझ्या वडिलांना तरुणपणी जुन्या पट्ट्याच्या यंत्राचा अनुभव आला होता. त्यानंतर ते दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या मुखात एकही दात शिल्लक नव्हता. ज्या वस्तूचे कार्य आपणांस ठाऊक नसते तिचे भय अधिक वाटते. म्हणून मी या हत्यारांची माहिती जमविली, आणि तीच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

दाताची घडण

हत्यार कशासाठी ते समजण्यास आधी दात कसा असतो ते पाहिले पाहिजे. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून एकदा झिजलेले किंवा फुटलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. मोडलेले हाड सांधते, परंतु दाताला पडलेला खड्डा बुजत नाही. एनॅमलच्या आत डेंटिन असते. ते पुष्कळ मऊ असून त्यात अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे असते. थंड पाणी झोंबते ते या नलिकांमुळेच. सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त असा दाताचा जीव, म्हणजे पल्प असतो.

आपण ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो. दातात खरोखरीचा किडा असतो ही समजूत जगातील अनेक देशांत शतकानुशतके होती. फ्रान्समधील प्येर फोशार या दंतशल्यज्ञाने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही समजूत नाकारली. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तोंडातील जीवाणू साखर व पिष्टमय अन्न यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते. तेव्हा कीड म्हणजे किडा नव्हे, तर आम्लाने पोखरलेला व सडलेला भाग होय. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसून कानातून वा दातातून अळी काढून दाखविणारा मनुष्य हातचलाखी करीत असतो, हे आपण गावकऱ्यांना निःसंकोच सांगावे.

हा सडलेला भाग काढून, उरलेल्या चांगल्या भागाला योग्य आकार देऊन, त्या पोकळीत भरणी करणे यास दातांचे पुनःस्थापन म्हणतात. सडलेला भाग काढण्यासाठी आणि आकार देण्यासाठी जी हत्यारे लागतात, तीच आपल्या आजच्या भाषणाचा विषय आहेत.

कापणे आणि घासणे

सुताराच्या कामठ्यावर आपण दोन क्रिया पाहतो. पटाशीने किंवा रंध्याने तो लाकडाचा पापुद्रा काढतो, ही कापण्याची क्रिया. नंतर पॉलिश कागदाने तो पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतो, ही घासण्याची क्रिया. पहिलीत ठरावीक धारेचे पाते पदार्थात शिरते. दुसरीत असंख्य कठीण कण पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे काढतात. दंतवैद्याची सर्व हत्यारे या दोन वर्गांत मोडतात.

दोन्ही क्रियांचा नियम एकच आहे. हत्यार हे ज्यावर काम करावयाचे त्या पदार्थाहून कठीण असले पाहिजे. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्‌स श्रेणीत एनॅमलचे स्थान सुमारे ५ आहे. वाळूतील गारगोटीचे ७, कुरुंदाचे ९ आणि हिऱ्याचे १०. या चार आकड्यांत दंतवैद्याच्या हत्यारांचा अर्धा इतिहास सामावलेला आहे. इंग्रजीत कुरुंदाला ‘कोरंडम’ म्हणतात, तो शब्द आपल्याच देशातील भाषांतून तिकडे गेला आहे, हेही जाता जाता सांगण्याजोगे आहे.

नऊ हजार वर्षांपूर्वीचे छिद्र

दातात छिद्र पाडण्याची कला पाश्चात्यांनी आणली असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ या प्राचीन वसाहतीच्या दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींचे अकरा दात असे सापडले की, ज्यांना जाणीवपूर्वक छिद्रे पाडलेली होती. त्यांचा काळ आजपासून सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा. या शोधाचा वृत्तांत २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही सर्व छिद्रे दाढांना होती. अर्थात ती शोभेसाठी पाडली असावीत असे म्हणता येत नाही. काही दाढांत किडीच्या खुणाही आढळल्या. छिद्रांच्या कडा चावण्याने झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या. म्हणजे ती माणसे त्यानंतर जिवंत राहिली व त्याच दाढांनी अन्न चावीत राहिली.

हे काम त्यांनी कशाने केले असेल? त्या वसाहतीतील कारागीर मण्यांना छिद्रे पाडण्यात निष्णात होते. गारेचे टोक बसविलेली काडी धनुकलीच्या दोरीने गरगरा फिरवावयाची, अशी त्यांची पद्धत. आपल्याकडील जुन्या सुतारांचे सामते याच तत्त्वावर चालते. संशोधकांनी अशी धनुकली तयार करून मानवी दाताच्या एनॅमलवर प्रयोग केला, तेव्हा एका मिनिटापेक्षा कमी वेळात छिद्र पडले. गारेची कठीणता ७ आणि एनॅमलची ५, हा हिशेब त्या कारागिरांनी आकड्यांत मांडला नसेल, परंतु हाताने तो अचूक जाणला होता.

पायटा, वीज आणि हवा

त्यानंतर हजारो वर्षे या कामाला लागणारी शक्ती माणसाच्या हाताचीच राहिली. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी १७९० च्या सुमारास आपल्या आईच्या चरख्याला गिरमिट जोडून ते पायाने फिरविले असे सांगतात. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांनी शिलाई यंत्राच्या धर्तीवर पायट्याने चालणाऱ्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. वैद्याचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे झाले. या यंत्राची गती मिनिटाला सुमारे ७०० फेरे होती. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, जॉर्ज ग्रीन यांनी विजेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. तथापि दवाखान्यांत वीज येण्यास अवधी लागला आणि पायटा पुढेही दीर्घकाळ वापरात राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेची मोटर, तिच्यावरून फिरणारे पट्टे आणि कप्प्या असे यंत्र रूढ झाले. त्याची गती मिनिटाला सुमारे ५,००० फेरे. वरकरणी ही गती पुष्कळ वाटते, पण दात कापण्यास ती अपुरी होती. गती कमी म्हणून दाब अधिक द्यावा लागे. दाब अधिक म्हणून जबडा थरथरे आणि काम लांबे. माझ्या वडिलांनी भोगले ते हेच यंत्र. त्या पिढीच्या मनात बसलेली भीती खोटी नव्हती, ही गोष्ट आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

बदल घडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. वेदनाशामक लिडोकेन हे औषध १९४८ पासून बाजारात आले. न्यूझीलंडमध्ये जॉन वॉल्श यांनी १९४९ मध्ये संकुचित हवेवर चालणाऱ्या हँडपीसच्या पेटंटासाठी अर्ज केला. अमेरिकेत जॉन बोर्डन यांनी विकसित केलेले एअर टर्बाइन यंत्र १९५७ मध्ये बाजारात आले आणि त्याने अडीच ते तीन लाख फेऱ्यांची गती गाठली. हँडपीसच्या टोकाशी पवनचक्कीसारखे एक इवलेसे चक्र असते. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा त्याच्या पात्यांवर आदळते आणि चक्र फिरते. मिनिटाला तीन लाख फेरे म्हणजे सेकंदाला पाच हजार. एक मिलिमीटर व्यासाचे टोक या गतीने फिरते तेव्हा त्याची कड ताशी सुमारे छप्पन्न किलोमीटर वेगाने धावत असते. रस्त्यावरील एस. टी. गाडीच्या वेगाशी याची तुलना करून पाहावी.

या गतीचा रुग्णाला लाभ असा की, दाब जवळजवळ द्यावा लागत नाही. हलक्या हाताने, ब्रश फिरविल्याप्रमाणे काम होते. कंपने इतकी जलद असतात की ती जाणवत नाहीत. आवाज मात्र तीक्ष्ण असतो. म्हणजे पूर्वीचे यंत्र आवाजाने सौम्य आणि कामाने कठोर होते, तर आजचे आवाजाने कठोर आणि कामाने सौम्य आहे. शाळेतून पळालेली ती पाच मुले आवाजाला भ्याली होती. हा फरक त्यांना कोणी आधी समजावून सांगितला असता तर त्यांपैकी निदान दोघेतिघे तरी थांबले असते, असे मला वाटते.

टोकाची कहाणी

यंत्राच्या टोकाला बसविल्या जाणाऱ्या छोट्या हत्यारास ‘बर’ असे म्हणतात. त्याचे तीन भाग असतात : यंत्रात बसणारा दांडा, निमुळती मान आणि प्रत्यक्ष काम करणारे डोके. एअर टर्बाइनमध्ये बसणाऱ्या दांड्याचा व्यास अवघा १.६ मिलिमीटर असतो. डोक्याचे आकार कामाप्रमाणे निरनिराळे : गोल, उलट्या शंकूसारखे, नासपतीसारखे, सरळ दंडगोल, निमुळते दंडगोल. गोल बर किडलेला भाग काढण्यासाठी, दंडगोल पोकळीच्या भिंती सरळ करण्यासाठी, असे सामान्यपणे सांगता येईल.

आरंभी बर पोलादाचे आणि हाताने घडविलेले असत. १८९१ मध्ये यंत्राने बनविलेले बर आले. परंतु पोलादाची धार एनॅमलवर फार लवकर बोथट होते. १९४७ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडचे बर आले. हा पदार्थ पोलादाहून कितीतरी कठीण आहे. मात्र तो ठिसूळही आहे. म्हणून पात्यांचा कोन रंध्याच्या पात्यासारखा पुढे झुकता न ठेवता किंचित मागे ठेवतात, जेणेकरून धार तुटू नये. कापण्याच्या बरला बहुधा सहा पाती असतात. सफाईच्या बरला बारा किंवा त्याहूनही अधिक असतात. पाती जितकी अधिक, तितका पृष्ठभाग गुळगुळीत.

दुसरा प्रकार हिऱ्याच्या कणांचा. जर्मनीत १९३२ च्या सुमारास डब्ल्यू. एच. ड्रेंडेल यांनी धातूच्या दांड्यावर हिऱ्याचे बारीक कण बसविण्याची रीत शोधली. यास पाते नसते. हजारो कण मिळून घासतात, म्हणून हे अपघर्षक हत्यार होय. कण किती जाड ते दांड्यावरील रंगीत पट्टीवरून कळते : हिरवी पट्टी जाड कणांची, तांबडी बारीक कणांची, पिवळी अतिबारीक कणांची. एनॅमल हे कठीण व ठिसूळ असल्यामुळे ते कापण्यास हिरा विशेष उपयुक्त ठरतो, तर मऊ डेंटिनसाठी कार्बाइडची पाती बरी पडतात. पल्पच्या निकट पोहोचल्यावर वैद्य वेगवान यंत्र बाजूला ठेवतो आणि संथ गतीचा गोल बर अथवा हातचे हत्यार घेतो. कारण तेथे वेगापेक्षा बोटांना होणारा स्पर्शबोध मोलाचा असतो.

भरणी झाल्यावर तिला घासून चकाकी आणावी लागते. त्यासाठी वापरावयाच्या पदार्थांची नावे ऐकून आपणांस आपल्या ओळखीच्या वस्तू आठवतील. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, कुरुंदाचाच कृत्रिम प्रकार असलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड, सिलिकॉन कार्बाइड, सोनारांच्या वापरातील तांबडे लोह-ऑक्साइड आणि समुद्रफेनसुद्धा. प्रथम जाड, मग मध्यम, शेवटी बारीक हा क्रम कधीही मोडावयाचा नाही. पाटीवरचा खडबडीतपणा घालविणाऱ्या कारागिरालाही हाच क्रम ठाऊक असतो.

हातातील हत्यारे

यंत्र आले म्हणून हातची हत्यारे गेली नाहीत. छोटी पटाशी, छोटी कुऱ्हाड, छोटी कुदळ आणि चमच्यासारखे पोखरणे अशीच त्यांची नावे व रूपे आहेत. शेतकऱ्याच्या व सुताराच्या अवजारांची ही जणू बाळरूपे. पटाशी व कुऱ्हाड यांनी आधार नसलेले एनॅमल तोडावयाचे आणि चमच्याने मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची.

या हत्यारांना शिस्त लावली ती अमेरिकन दंतशास्त्रज्ञ ग्रीन वार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी. त्यांच्यापूर्वी प्रत्येक कारागीर आपल्या मनाप्रमाणे हत्यार घडवी. ब्लॅक यांनी प्रत्येकाच्या मुठीवर आकडे कोरण्याची पद्धत घातली. उदाहरणार्थ, १०-७-१४. यातील १० म्हणजे पात्याची रुंदी मिलिमीटरच्या दशांशात, अर्थात एक मिलिमीटर. ७ म्हणजे पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये. आणि १४ म्हणजे वर्तुळाचे शंभर भाग कल्पून पात्याने मुठीशी केलेला कोन, जो सुमारे पन्नास अंश होतो. या तीन आकड्यांवरून जगाच्या पाठीवर कोठेही तेच हत्यार घडविता येते. मोजमाप व प्रमाणीकरण यांचे महत्त्व आम्हा शासकीय सेवकांना निराळे सांगावयास नको.

हातच्या हत्याराची धार दगडावर वेळोवेळी लावावी लागते. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो, जोर अधिक लागला की हात घसरतो आणि घसरलेला हात हिरडी फाडतो. विळ्याला धार नसेल तर हात कापतो हे आपल्याकडील प्रत्येक कापणाऱ्या बाईला ठाऊक आहे.

उष्णता, पाणी आणि स्वच्छता

घर्षण म्हटले की उष्णता आलीच. लाखो फेऱ्यांनी फिरणारे टोक कोरड्या दातावर टेकले तर आतील पल्प भाजू शकतो. १९६५ मध्ये झाक व कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, पल्पचे तापमान केवळ साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तरी सुमारे पंधरा टक्के दातांचा जीव गेला. याच कारणास्तव वेगवान यंत्रातून टोकावर सतत पाण्याचा फवारा येत असतो. मुलांना तो फवारा त्रासदायक वाटतो. तो त्यांच्या दाताचे रक्षण करण्यासाठी आहे, हे गुरुजींनी त्यांना सांगावे.

दुसरी बाब निर्जंतुकतेची. ही हत्यारे लाळेत व कधी रक्तात भिजतात. यंत्र थांबताना तोंडातील द्रव हँडपीसच्या आत ओढला जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर बर, हातची हत्यारे आणि हँडपीस ही सर्व वाफेच्या दाबाखाली तापविली पाहिजेत. १२१ अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटे ही प्रचलित रीत आहे. नुसते औषधाने पुसणे पुरेसे नाही. आपल्या गावी शिबिर भरणार असेल तेव्हा “निर्जंतुक केलेल्या हत्यारांचे संच मुलांच्या संख्येइतके आहेत काय?” असा प्रश्न सरपंचांनी नम्रपणे अवश्य विचारावा. जबाबदार डॉक्टरांना या प्रश्नाने राग येणार नाही, उलट समाधान वाटेल.

आपल्या देशात दंतवैद्यकाच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. ज्याचे शिक्षण झालेले नाही व ज्याची नोंदणी नाही अशा माणसाच्या हाती ही हत्यारे देणे म्हणजे बालकाच्या हाती वस्तरा देणे होय.

वीज नसताना

आता पुन्हा त्या शाळेकडे वळू. डॉक्टरबाईंनी त्या माउलीची समजूत घातली, मुलगा कसाबसा तयार झाला आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला. जनरेटर सुरू होईना. मला वाटले, शिबिर संपले.

डॉक्टरबाई मात्र विचलित झाल्या नाहीत. त्यांनी दोन बाके जोडून घेतली, त्यांवर सतरंजी अंथरली, मुलाला निजविले आणि गुरुजींच्या हाती विजेरी दिली. पेटीतून त्यांनी निर्जंतुक केलेली हातची हत्यारे काढली. छोट्या कुऱ्हाडीने किडीचे तोंड थोडे रुंद केले, चमच्याने मऊ भाग खरवडून काढला, पोकळी कापसाने पुसली, काचेची पूड व आम्ल यांपासून बनणारे ग्लास आयोनोमर सिमेंट कालवून भरले आणि बोटाने दाबून बसविले. मुलगा एकदाही ओरडला नाही. “तासभर काही खाऊ नकोस हं बाळा,” एवढेच त्या म्हणाल्या.

नंतर मला कळले की, ही केवळ अडचणीतून काढलेली वाट नव्हती. १९८० च्या दशकात टांझानियात, जेथे वीज व यंत्रे दुर्मिळ होती तेथे, ही पद्धत विकसित झाली. ७ एप्रिल १९९४ च्या जागतिक आरोग्यदिनी, ज्याचा विषय मुखआरोग्य हा होता, जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. ग्लास आयोनोमर सिमेंटला त्या संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ साली स्थान मिळाले. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. दाताच्या एकाच पृष्ठभागावरील लहान खड्ड्यासाठी ती उत्तम, मोठ्या व अनेक पृष्ठभागांवरील खड्ड्यात भरणी तितकी टिकत नाही. कीड पल्पपर्यंत गेली असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणजेच वेळेवर तपासणी झाली तरच साधी हत्यारे पुरतात. उशीर जितका अधिक, तितके हत्यार मोठे.

आपल्या घरातील अपघर्षके

शेवटी एक अप्रिय गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. दंतवैद्याच्या यंत्राला भिणारे आपण रोज सकाळी त्याहून घातक अपघर्षके स्वतःच्या हाताने दातांवर घासतो. विटेची पूड, वाळूमिश्रित राख, कोळसा आणि मिश्री. विटेत व वाळूत गारगोटीचे कण असतात. त्यांची कठीणता ७, दाताची ५. हिशेब आपणच करावा. मेहरगढच्या कारागिराने ज्या गारेने दाढेला छिद्र पाडले, तिचीच पूड आपण रोज दातांवर चोळीत असतो. वैद्याचे अपघर्षक मोजलेले असते आणि ते काही मिनिटेच चालते. आपले मोजलेले नसते आणि वर्षानुवर्षे चालते. दाताच्या मुळाशी पडलेली खाच, पाणी झोंबणे ही त्याची फळे. मिश्री तर भाजलेला तंबाखू आहे. तिची झीज दातापुरतीच थांबत नाही, तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो. चांगल्या दंतमंजनात किंवा पेस्टमध्येही अपघर्षक असतेच, पण ते डाग काढण्याइतके कठीण व एनॅमलहून मऊ असे निवडलेले असते.

आपण काय करू शकतो

शिक्षकांना माझी विनंती अशी की, पहिलीदुसरीतील मुलांच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ उगवते ती कायमची असते. तिच्या जागी आधी दुधाचा दात पडलेला नसल्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची तपासणीही अंतर्भूत आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये, एवढे शिक्षकांनी पाहावे आणि पथकाने पुढील उपचारासाठी पाठविलेले मूल खरोखरच रुग्णालयात पोहोचले की नाही, याची चौकशी ग्रामपंचायत सदस्यांनी करावी. शिबिराच्या आदल्या दिवशी मुलांना यंत्राची व हत्यारांची ओळख करून द्यावी. जमल्यास डॉक्टरांकडून एखादा वापरलेला व निर्जंतुक केलेला बर मागून घेऊन तो भिंगातून दाखवावा. भय घालविण्यास याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

त्या शाळेत दोन वर्षांनी माझे पुन्हा जाणे झाले. तो मुलगा आता आठवीत होता. मी म्हणालो, “बघू रे तुझी दाढ.” त्याने तोंड उघडले. भरणी जागेवर होती. परंतु त्या दिवशी पळालेल्या पाच जणांपैकी एक मुलगी त्याच्याच वर्गात होती. तिची तीच दाढ मधल्या काळात तालुक्याच्या ठिकाणी काढून टाकावी लागली होती. दोघांची कीड एकाच दिवशी, एकाच यादीत नोंदली गेली होती. फळ्यावर त्यांची नावे एकाखाली एक होती.

अशी यादी उद्या आपल्याही शाळेच्या फळ्यावर लिहिली जाईल. त्यातील एकही नाव दुपारी गैरहजर राहू नये, हे आपल्या हाती आहे.